१ जानेवारीला जन्मलेली माणसं

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी आमच्या चर्चच्या तळघरात केक कापतो. केकवर नाव नसतं. किती नावं लिहिणार? माझ्या इंग्रजीच्या वर्गात यंदा एकवीस जण आहेत आणि त्यातल्या चौदा जणांचा वाढदिवस १ जानेवारी.

पहिल्या वर्षी हे लक्षात आलं तेव्हा माझ्याबरोबर शिकवणाऱ्या अमेरिकन बाईंना वाटलं, फॉर्म भरताना एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलंय. मला मात्र लगेच उमगलं. माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्या दोन्ही भावांची १ जून. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत निम्म्या पोरांची १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, आईबापांना तारीख सांगता यायची नाही. मग पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते गुरुजी बघायचे, अंदाजाने वर्ष धरायचे आणि दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. या लोकांच्या कागदांवर जूनच्या जागी जानेवारी आला, एवढंच.

हे लोक म्हणजे दक्षिण भूतानमधून निर्वासित झालेले नेपाळी. ल्होत्शाम्पा. मी राहते ते कोलंबस, ओहायो. अमेरिकेत त्यांच्या ज्या मोठ्या वस्त्या आहेत त्यातली एक इथली. मोर्स रोडवर गेलात तर नेपाळी किराणा, सोन्याची दुकानं, मोमोचे फलक, आणि फुटपाथवर ढाका टोपी घातलेले आजोबा हात मागे बांधून चालताना दिसतील.

मी मूळची नगरची. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं.) अकरा वर्षं मराठी शाळेत शिकवलं आणि १९९८ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. आल्या आल्या एका दवाखान्याच्या फॉर्मवर जन्मतारीख आपल्या सवयीने १/६ लिहिली. इथे महिना आधी लिहितात. त्यामुळे त्यांच्या लेखी मी ६ जानेवारीला जन्मले. पुढे औषधाच्या दुकानातून फोनवर जन्मतारीख विचारली, मी ‘फर्स्ट जून’ म्हटलं, पलीकडची मुलगी म्हणाली, जुळत नाही. घोळ कुठे झालाय ते मला दिसत होतं, पण ते सांगायला वाक्यच सापडेना. अकरा वर्षांची मास्तरकी, इंग्रजीचं सगळं व्याकरण पाठ, आणि तोंडातून शब्द फुटेना. तिने तीनदा विचारलं आणि फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. तो दिवस मी विसरले नाही, आणि वर्गात शिकवायला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी तो आधी सांगते.

आमच्याकडे नगरला ‘मिशन’ हा शब्द पत्त्यासारखा वापरतात. मिशन कंपाउंड, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ साली नगरला आली. मिशनच्या शिक्षिका मिस सिंथिया फरार तिथेच राबल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी नगरला त्यांची मुलींची शाळा पाहिली आणि पुण्यात शाळा काढायचं मनावर घेतलं, ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली जायची की मिस फरार आमच्याच कुणी आत्याबाई असाव्यात असं मला लहानपणी वाटे. पण मोठं झाल्यावर मला त्यांच्या शिकवण्यापेक्षा शिकण्याचं जास्त अप्रूप वाटू लागलं. बोस्टनकडची ही मंडळी आधी तिथल्या पंडितांपुढे पाटी घेऊन बसली. ‘ळ’ म्हणायला शिकली. आधी आपली जीभ वळवली, मग शाळा काढली.

२०१२ साली आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मिशन कमिटीत मी नवी होते. भिंतीवर जगाचा नकाशा आणि जिथे जिथे पैसे जातात तिथे टाचण्या. एक टाचणी भारतात. त्या दिवसांत रोज संध्याकाळी चर्चच्या पार्किंगमधून नेपाळी बायका बसस्टॉपकडे जायच्या, पायात मोजे आणि त्यावर चपला, थंडीत. आमचे पास्टर म्हणाले, आपण टाचण्या टोचत बसलोय आणि माणसं आपल्या दारातून चालत चालली आहेत. कमिटीतल्या एका वयस्कर बाईंना ते पटेना. त्यांचं म्हणणं, मिशन म्हणजे पाठवणं, आपण इथून कुणाला पाठवणार? मी तोवर त्या कमिटीत तोंड उघडलं नव्हतं. उठले आणि म्हटलं, “त्या टाचणीपासून मी आलेय. तुमच्या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वी जी माणसं पाठवली त्यांच्या शाळेत माझी पणजी अक्षर शिकली. आता पाठवायचं असेल तर मला तळघरात पाठवा.” त्याच बाई पुढे सात वर्षं आमच्या चहा-कॉफीच्या टेबलावर उभ्या राहिल्या.

मंगळवारी साडेसहा ते आठ असा वर्ग सुरू झाला. पहिल्या मंगळवारी तीन जण आले. चौथ्या मंगळवारी सत्तावीस. भाषांतराला कुणी नव्हतं, आणि फळ्यावर मी सहज देवनागरीत ‘पानी’ लिहिलं तेव्हा मागच्या टेबलावर जी कुजबुज उठली ती अजून कानात आहे. आपली आणि नेपाळीची लिपी एकच. नेपाळमधल्या निर्वासितांच्या छावणीतल्या शाळेत शिकलेले पन्नाशीच्या आतले लोक ती वाचतात. हात, नाक, कान तेच. नातवाला ते ‘नाति’ म्हणतात. भाऊबीजेला भाइटीका. आणि ‘दुख्छ’ म्हणजे दुखतं. पहिल्या महिन्यात एक आमा (वयस्कर बाईंना ते आमा म्हणतात) पोटावर हात ठेवून ‘दुख्छ’ म्हणाली, मी ‘दुखतं’ म्हणाले, आणि आमच्या दोघींच्या मध्ये असलेली ती इंग्रजी नावाची भिंत जरा खाली आली. डॉक्टरकडे काय म्हणायचं ते मग तिने लगेच उचललं.

वर्गाचे चार भाग आहेत. तीन इतर लोक घेतात. मी घेते तो शून्य वर्ग, म्हणजे कुठल्याच भाषेत लिहिता-वाचता न येणाऱ्यांचा. इथे बहुतेक आमा आणि बाजे, म्हणजे आजोबा. दक्षिण भूतानमध्ये त्यांच्या संत्र्याच्या, वेलदोड्याच्या बागा होत्या. त्या हातांनी फावडं धरलं, विळा धरला, पेन्सिल कधी धरली नाही. पेन्सिल धरायला शिकवणं हे काम वाटतं त्यापेक्षा फार अवघड असतं. त्या पेन्सिल मुठीत धरतात, विळ्यासारखी, आणि इतक्या जोराने दाबतात की टोक मोडतं आणि कागद फाटतो. मी शार्पनर घेऊन फिरते. आधी रेघा. उभ्या, आडव्या. मग गोल. एका आमाला ‘ओ’ जमायला दोन मंगळवार लागले, आणि जमला तेव्हा तिने पानभर काढले, ओळीत, रोपं लावावीत तसे सारख्या अंतरावर. तिसऱ्या महिन्यात तिने नाव लिहिलं. तोवर सगळ्या कागदांवर तिचा अंगठा होता.

अंगठ्यावरून त्या बाजेंची आठवण होते ज्यांनी मला एकदा प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद दाखवला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. १९५८ सालची जमिनीच्या कराची पावती. भूतान सरकारने १९८८ च्या जनगणनेत दक्षिणेकडच्या लोकांकडे नेमकी १९५८ ची पावती मागितली. ५७ ची चालेना, ५९ ची चालेना. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना परके ठरवलं. १९८९ साली शाळेतून नेपाळी भाषा काढून टाकली, राष्ट्रीय पोशाख सक्तीचा केला. मग निषेध, अटका, आणि १९९० पासून लोंढे नेपाळकडे. झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत, बेलडांगीसारख्या ठिकाणी, बांबूच्या झोपड्यांत वीस-वीस वर्षं गेली. २००८ पासून अमेरिकेने आणि इतर काही देशांनी त्यांना घ्यायला सुरुवात केली आणि एक लाखाहून जास्त माणसं अशी जगभर पांगली. या बाजेंकडे तर ती पावती होती! तरी त्यांना निघावं लागलं. त्यांनी ती जपून ठेवली, छावणीत छपरातून पाणी गळायचं तिथेही, आणि ओहायोत आणली. मला दाखवली ती मी वाचावी म्हणून. ती ज्या भाषेत होती ती मला येत नाही. १९५८ हा आकडा तेवढा मी बोट ठेवून वाचला आणि त्यांनी मान डोलावली.

म्हणून नागरिकत्वाची परीक्षा ही या लोकांच्या दृष्टीने नुसती परीक्षा नाही. ‘हा माणूस इथला आहे’ असं लिहिलेला कागद आयुष्यात पहिल्यांदा मिळायचा असतो. त्यात पोटाचाही प्रश्न आहे. निर्वासित म्हणून आलेल्या म्हाताऱ्यांना किंवा अपंगांना सरकारकडून जो एसएसआयचा भत्ता मिळतो तो सात वर्षांनी थांबतो, नागरिक झालं तरच चालू राहतो. परीक्षेत तीनपैकी एक वाक्य वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं, आणि शंभर ठरलेल्या प्रश्नांतले जास्तीत जास्त दहा विचारायचे, सहा बरोबर आले की झालं. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना हे वाढवलं: प्रश्न एकशे अठ्ठावीस, विचारणार वीस, बरोबर हवेत बारा. पासष्टीच्या वरच्या आणि वीस वर्षं ग्रीन कार्डवर काढलेल्यांना वेगळी, सोपी यादी असते, पण आमचे बहुतेक म्हातारे २००८ नंतर आले, त्यांची वीस वर्षं अजून भरायची आहेत. बहात्तर वर्षांच्या बाईलाही ‘द प्रेसिडेंट लिव्ह्ज इन द व्हाइट हाउस’ हे ऐकून लिहावं लागू शकतं.

आता ‘श’ची गोष्ट. नेपाळी बोलण्यात श आणि स एकच होतात. लिहिताना वेगळे, बोलताना दोन्ही ‘स’. त्यामुळे ‘शी’ आणि ‘सी’ एकच. ‘शिप’ची ‘सिप’. वर्षानुवर्षं मी हे आरशासमोर करून घेते: ओठ पुढे, जीभ मागे, रडणाऱ्या बाळाला गप्प करतो तसा आवाज. बाळाला गप्प करणं सगळ्यांना येतं, म्हणून तिथून सुरुवात. एके दिवशी वर्गाची तयारी करत असताना बायबलमधल्या शास्ते पुस्तकाचा बारावा अध्याय आठवला. गिलादच्या लोकांनी यार्देन नदीचे उतार अडवले. पलीकडे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावायचे. शत्रूकडच्या एफ्राइमी माणसाला श म्हणता यायचा नाही, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणायचा, आणि तिथेच त्याला मारायचे. बेचाळीस हजार माणसं, एका अक्षरापायी.

मी पेन खाली ठेवलं. हा अध्याय मी रविवारच्या शाळेत कितीदा वाचला असेल, पण नदीच्या काठी उभा राहिलेला माणूस मला कधी दिसला नव्हता. आता दिसला तर त्याच्या डोक्यावर ढाका टोपी होती. आणि लगेच दुसरी आठवण आली. आठवीत मी नगरच्या शाळेत आले तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी उत्तरात ‘पानी’ म्हटलं. गावाकडे आम्ही पानीच म्हणायचो. ‘आनि’, ‘लोनी’, ‘पानी’. वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. त्यानंतर पंधरा दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही, घरी जाऊन विहिरीच्या काठावर एकटी ‘ण ण ण’ करत बसायची. आपल्या मराठीत उतारावर किती पोरांना असं अडवलंय हे ज्याला ‘ण’ जन्मतः येतो त्याला नाही कळायचं. आणि नेपाळी लोक पाण्याला काय म्हणतात? पानी. फळ्यावर तो शब्द लिहिताना माझ्या हाताला जे बरं वाटलं होतं त्याचं कारण मला त्या रात्री समजलं.

तेव्हापासून आमच्या वर्गात उच्चाराला कुणी हसायचं नाही हा एकच कडक नियम. चुकलं तर दुरुस्त करायचं, शंभरदा करायचं, पण हसायचं नाही आणि आवाज चढवून बोलायचं नाही. मोठ्याने बोललं की समजतं असं पुष्कळ चांगल्या माणसांना वाटतं. दुसरं, प्रश्न विचारला की मनात सातपर्यंत मोजायचं. अमेरिकन माणसाला शांतता सोसत नाही, तो दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. आमाचं उत्तर पाचव्या सेकंदाला निघालेलं असतं.

एक चूक मला इथे लिहायचीच आहे, कारण ती माझी होती. दुसऱ्या वर्षी एका अनुभवी माणसाच्या सल्ल्याने आम्ही वर्गाची शेवटची दहा मिनिटं बायबलच्या वचनाला दिली. सोप्या इंग्रजीत एक वचन, छोटी प्रार्थना, मग निरोप. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चर्चमध्ये आलेत, प्रार्थना होणारच. पहिल्या टेबलावर एक बाजे बसायचे, कपाळावर गंध, गावी पौरोहित्य केलेले. त्या दहा मिनिटांत ते आपल्या तळहातांकडे बघत बसत. मग ते येईनासे झाले. तीन मंगळवार झाल्यावर मी केळी घेऊन त्यांच्या घरी गेले. सुनेने चहा दिला आणि हळूच म्हणाली, “बाजेको मन दुख्यो.” याला मला भाषांतर लागलं नाही. बाजे बाहेर आले, बसले, आणि मोजून दोन वाक्यं बोलले. वर्ग फुकट आहे असं तुम्ही सांगितलं होतं. फी शेवटी घेता, ती आधी सांगायला हवी होती.

घरी येताना मला गाडी बाजूला घ्यावी लागली. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनने सांभाळलेलं पोर. आईबाप गेलेले. आमच्या घराण्याला गावात त्यावरून काय ऐकावं लागलं ते मी आजीच्या तोंडून ऐकलंय: भाकरीसाठी बाटलेले. आजी ते सांगताना नेहमी पदराने तोंड पुसायची, जसं काही त्या शब्दाचा डाग लागलाय. पणजोबांनी पुढे साठ वर्षं विश्वास धरला, तेव्हा त्यांना कुणी भाकरी देत नव्हतं. तरी तो शब्द त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचला. का पोचला? कारण भुकेच्या वेळी दिलेल्या भाकरीबरोबर काहीतरी मागितलं गेलं, किंवा मागितलं गेलं असं दिसलं. आणि आता मी, त्यांची पणती, भाषेच्या भुकेच्या वेळी तेच करत होते.

पुढच्याच आठवड्यात आम्ही ते बदललं. साडेसहा ते आठ फक्त इंग्रजी. आठनंतर, दुसऱ्या खोलीत, ज्याला हवं त्याच्यासाठी पवित्र शास्त्राचं वाचन, आणि हे पहिल्या दिवशी नेपाळीत स्पष्ट सांगायचं, नोंदणीच्या कागदावर लिहायचं. आलं काय, न आलं काय, वर्गात, व्हॅनमध्ये, कागदपत्रांच्या मदतीत तिळाचाही फरक नाही. त्या खोलीत पाच-सहा जण येतात, त्यातले बरेचसे इथल्या नेपाळी मंडळीचे ख्रिस्ती. कमिटीत एकाने विचारलं, मग याला मिशन कसं म्हणायचं? मी ख्रिस्ती आहे आणि ते मी लपवत नाही. प्रभूने मला जे दिलं ते प्रत्येकाला मिळावं असं मला मनापासून वाटतं, दर मंगळवारी गाडीत बसल्यावर मी वर्गातल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करते. पण परक्याला आपल्यातलाच समजा, तुम्हीही मिसर देशात परके होता, ही आज्ञा बायबलच्या लेवीय पुस्तकात आहे तिला पुढे कुठलीही अट जोडलेली नाही. मी ती तशीच पाळते.

बाजे परत आले. दीड वर्षाने परीक्षा पास झाले. त्या दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दशैंला, त्यांनी आम्हा नवराबायकोला घरी बोलावलं. दही-तांदूळ-कुंकवाचा टिका घेऊन सगळे लहानमोठे त्यांच्यापुढे वाकत होते. माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडले आणि सांगितलं, बाजे, टिका नको, आशीर्वाद द्या. खोली क्षणभर गप्प झाली. बाजेंनी ताट बाजूला ठेवलं, हात पुसले आणि माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

हे काम चालतं कशावर, असं मला इकडच्या-तिकडच्या मंडळ्यांतले लोक विचारतात. व्हॅनवर चालतं. बस तासाला एक, हिवाळ्यात साडेपाचला अंधार, म्हातारी माणसं येणार कशी? दोन जण व्हॅन चालवतात म्हणून वर्ग भरतो. पोरं सांभाळायला खाली नर्सरीत कुणीतरी लागतं, नाहीतर तरुण आया येत नाहीत, आणि त्याच बायका गोदामात रात्रपाळी करतात, त्यांची पाळी बदलली की महिनाभर गायब. त्यांचं नाव पटावरून काढायचं नाही. आणि टपाल. दर मंगळवारी पावणेसहालाच काही जण किराण्याच्या पिशवीत आठवड्याचं सगळं टपाल घेऊन येतात. त्यात अर्ध्याहून अधिक जाहिराती, लाल अक्षरात ‘शेवटची सूचना’ लिहिलेल्या, गाडीच्या वॉरंटीच्या, ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांना. त्यातच कुठेतरी मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नूतनीकरणाचं पत्र असतं ज्याला मुदतीत उत्तर दिलं नाही तर औषधं बंद. एका आमाने भीतीने दोन वर्षांचं एकही पत्र फेकलेलं नव्हतं, तीन पिशव्या. आम्ही तीन संध्याकाळी बसून ढीग केले: हे फेकायचं, हे ठेवायचं, हे आज. आता ती स्वतः ढीग करते. वाचता सगळं येत नाही, पण कागदाच्या कोपऱ्यातलं सरकारी चिन्ह आणि तारीख ओळखते. धडे कुठल्या पुस्तकातून घ्यावेत असं विचारणाऱ्यांना मी सांगते, त्या पिशवीतून.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या तेव्हा तिथे इंग्रजी शिकल्या आणि सिस्टर्सना मराठी शिकवली. ही देवाणघेवाण मला फार महत्त्वाची वाटते. म्हणून आता शनिवारी सकाळी तेच तळघर नेपाळी वर्गाला दिलंय. शिकवणारे भूतानी गुरुजी, शिकणारी इथे जन्मलेली नातवंडं. ज्या भाषेला एका देशाने शाळेतून हाकललं ती दुसऱ्या देशात आपोआप मरू द्यायची नाही, निदान आमच्या छपराखाली तरी. मागच्या टेबलावर आमचे दोन अमेरिकन स्वयंसेवकही ‘क ख ग’ गिरवतात. त्यातल्या एकाला ‘ख’ म्हणताना ठसका लागतो, आणि शून्य वर्गातल्या आमा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, “अगेन.”

गेलं वर्ष जड गेलं. जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांना आणणं थांबलं. मार्चपासून काही भूतानी नेपाळी पुरुषांना पकडून भूतानला पाठवलं गेलं आणि भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही, सीमेबाहेर काढलं. पुन्हा कुठलेच नाहीत. वर्गात त्या आठवड्यात सत्तावीसच्या जागी नऊ जण होते. जे नागरिक आहेत तेही आले नाहीत. दारावर कोण उभं आहे हे बघायला आमच्या कॉफीवाल्या बाई, आता एक्क्याऐंशीच्या, थंडीत खुर्ची टाकून बाहेर बसल्या. त्या दिवशी मी धडा शिकवला नाही. पत्ता कसा सांगायचा, वकिलाचा नंबर कसा पाठ ठेवायचा आणि ‘मला दुभाषा हवा आहे’ हे वाक्य, एवढंच घोटून घेतलं. ‘इंटरप्रिटर’ हा फार अवघड शब्द आहे. चाळीस वेळा म्हटला.

हळूहळू माणसं परत आली. परवा, केकच्या दिवशी, मी शून्य वर्गाला विचारलं, वाढदिवस खरा कधी? कागदावरचा सोडून. ‘ओ’ची रोपं लावणारी ती आमा बराच वेळ गप्प. मी सात मोजले, सत्तर मोजले. मग तिने वही ओढली, पेन्सिल आता तीन बोटांत धरते, आणि लिहिलं. मला वाचायला दिलं. ‘माय बर्थडे ऑरेंज टाइम.’ आई सांगायची म्हणे, सुन्तला तोडायला गेले होते सगळे, बागेतच झाली. डोळे मिटून तिने हाताने झाडाची उंची दाखवली.

शून्य वर्गातली माणसं उत्तर देतात, प्रश्न विचारत नाहीत. शिक्षकाला प्रश्न विचारायचा असतो हेच त्यांना ठाऊक नसतं. वही परत देताना आमाने माझ्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, “मिस. यू? वेन?”

मी सांगितलं, कागदावर १ जून. आई म्हणते, बाजरीची कणसं खुडायला चालली होती त्या दिवसांत. बाजरीला त्यांच्यात काय म्हणतात ते मला येईना, म्हणून फळ्यावर कणीस काढलं. वर व्हॅनचा हॉर्न वाजत होता, तरी कुणी उठलं नाही.